फायबरचं अंग, जीपचे कागद

बुधवारी रात्री साडेअकराला निखिलचा फोन. निखिल म्हणजे माझा आतेभाऊ, वय सव्वीस, हिंजवडीतला आयटीवाला. आवाज असा, की मला वाटलं याचं लग्नच ठरलं. "ताई, मिळाली! लाल, टू-सीटर, छतबित काही नाही. आणि कुठे मिळाली सांग? आपल्या नवी पेठेत!"

नवी पेठ म्हणजे आम्हा सोलापूरकरांची हक्काची बाजारपेठ. दिवाळीचे कपडे तिथले, शाळेचे बूट तिथले, आणि आत्याचं घरही तिथंच, मागच्या गल्लीत. जिथं स्कूटर लावायला जागा मिळाली तर माणूस पेढे वाटेल, तिथं स्पोर्ट्स कार? फोटो बघितला. खरंच होती. लांब नाक, गोल दिवे, दोन काळ्या सीट. किंमत साडेतीन लाख. निखिलने फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी तीन वर्षं साठवलेले पैसे जवळजवळ तेवढेच.

"कंपनी कुठली?" मी विचारलं.

"कंपनीची नाहीये गं. किट कार आहे. बांधलेली!" आत्या ज्या अभिमानाने 'घरचं तूप' म्हणते ना, तसाच तो 'बांधलेली' म्हणाला.

आता ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडा फ्लॅशबॅक. किट कार म्हणजे सुट्या भागांतून जोडलेली गाडी. चेसिस आणि बॉडी एकाची. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक दुसऱ्याच एखाद्या साध्या गाडीचे. ब्रिटनमध्ये हे खूळ जोरात होतं, कारण तिथं तयार गाडीवर टॅक्स लागायचा आणि खोक्यातून आलेल्या भागांवर लागायचा नाही. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही त्यातली सुपरस्टार. टॅक्सची पद्धत १९७३मध्ये बदलली, त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे दिले. पण तो लांब नाकाचा चेहरा जगभर पसरला. आपल्या महाराष्ट्रातही पोचला! अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने त्याच धाटणीची रोडस्टर बनवली. वर फायबरग्लासची बॉडी, आत अॅम्बेसेडरमध्ये यायचं ते इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. गोव्याच्या सॅन स्टॉर्मचंही तेच, फायबरचं अंग आणि रेनॉचं इंजिन. निखिलच्या मोबाइलचा वॉलपेपर कुठला असेल हे सांगायला नकोच.

पण नवी पेठेतली गाडी यातली नव्हती. ती कुणीतरी, कुठल्यातरी गॅरेजात, कशावर तरी बांधलेली होती. आणि सगळी गोम तिथंच आहे, बॉस. कंपनीची सेकंडहँड गाडी घेताना आपण आधीच्या मालकाने ती कशी वापरली एवढंच बघतो. किट कार घेताना ती बांधणाऱ्याचा हात कसा होता तेही बघावं लागतं. आणि तो माणूस समोर नसतो.

शनिवारी आम्ही सोलापुरात. आत्याने शेंगाचटणी, कडक भाकरी पुढे ठेवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू पत्रकार आहेस ना? काहीतरी खोट काढ की तिच्यात." मी एकटीने काय काढणार? म्हणून गल्लीतल्या जुन्या मेस्त्रींना बरोबर घेतलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाळीस वर्षं जीप आणि टेम्पोखाली झोपून काढलेला माणूस. त्यांची फी एक चहा आणि पाचशे रुपये. आयुष्यात इतके वसूल झालेले पाचशे रुपये मला आठवत नाहीत.

गाडी एका वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी. मालक पन्नाशीचे, कापडाच्या दुकानात हिशेब बघणारे, अगदी सज्जन माणूस. ताडपत्री निघाली आणि निखिल तिथंच विरघळला. चाचा मात्र गाडीच्या रंगाकडे न बघता थेट जमिनीवर आडवे झाले.

पहिला धडा हाच. वरून नाही, खालून बघायचं. फायबरग्लास गंजत नाही, म्हणून किट कार कायम तरुण दिसते. गंजतं ते तिच्याखालचं लोखंड. चाचांनी टॉर्च मारून चेसिसवर हातोडीने हळू हळू ठोकलं. घट्ट लोखंड खणखणतं, आतून खाल्लेलं भद्द वाजतं. मग सस्पेन्शन जिथं चेसिसला धरलंय तिथले वेल्डिंगचे जोड बोटाने चाचपले. चांगला जोड एकसारखा असतो. गाठीगाठींचा, मध्ये भोकं असलेला किंवा शेजारी केसाएवढी चीर असलेला जोड म्हणजे धोका. या गाडीच्या चेसिसला बरोबर मधोमध आडवा जोड होता. म्हणजे लांब चेसिस कापून आखूड केला होता. "बेटा, ही जीप होती. डोकं आणि पाय जोडलेत, पोट काढून टाकलंय," चाचा खालूनच बोलले.

फायबरवर चिरा कशा आहेत ते बघा. दगड लागून आलेली एखादी बारीक रेघ चालते. पण बिजागरं, दिवे, बोल्ट यांच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील, तर खालचा सांगाडा हलतोय किंवा फायबर पातळ आहे. सीट बेल्ट जोरात ओढून बघा. त्याचे बोल्ट चेसिसला हवेत. इथे ते नुसत्या फायबरला होते! धडक बसली असती, तर बेल्ट माणसासकट पुढे आला असता.

वायरिंग म्हणजे आगीचं आमंत्रण. बॉनेट उघडा. प्रत्येक लाइनला फ्यूज आहे का? पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या वायरीला रबराची रिंग आहे का, की पत्रा तिला रोज थोडी थोडी कापतोय? पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या नळीपासून लांब आहे ना? जिकडेतिकडे काळी चिकटपट्टी दिसली, तर समजा की बांधणाऱ्याला घाई होती.

इंजिन कुणाचं ते विचारा. ज्या गाडीचं इंजिन, तिचे पार्ट मिळतात का ते आधी बघा. कॉन्टेसा २००२मध्ये बंद झाली, अॅम्बेसेडर २०१४मध्ये. त्यांच्या इंजिनाचा एक पार्ट हवा असला, तरी जुन्या बाजारात खेटे घालावे लागतात. ब्रेक, स्टिअरिंग, क्लच कुठल्या गाडीचे याची यादीच मागा. बिलं, बांधतानाचे फोटो, बांधणाऱ्याचा फोन नंबर, हे सगळं एका फाइलमध्ये असेल तर निम्मी काळजी मिटली. इथे फाइल नव्हती. "आठ वर्षांपूर्वी घेतली तेव्हा पण नव्हती ओ," मालक म्हणाले.

ऊन खाऊ द्या. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळच्या गार वाऱ्यात घेऊ नका. सोलापूरच्या दुपारी इंजिन चालू ठेवून अर्धा तास उभं राहा. लांब नाकात रेडिएटरला हवा मिळते का, पंखा वेळेवर लागतो का, काटा कुठे जाऊन थांबतो, सगळं कळतं. मग जॅकवर पुढची चाकं उचलून हाताने हलवा. खडखड आली तर बॉल जॉइंट नाहीतर बुश गेलेत. शेवटी मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढते का बघा. आणि हो, स्पीडब्रेकरवरून न्याच. पोट घासणारी गाडी आपल्या रस्त्यांवर किती दिवस टिकणार?

एवढं होऊनही निखिल म्हणत होता, "बेल्ट लावून घेऊ, वायरिंग नवीन करू. पन्नास हजारात होईल." खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. तेवढ्यात मालकांनी आरसी आणून दिली.

आरसीवर गाडीचा प्रकार जीप. इंधन डिझेल. सीट सात. समोर पेट्रोलवर चालणारी दोन सीटची लाल परी! चेसिस नंबर जुळला, इंजिन नंबर नाही. मालकाच्या जागी भलत्याच जिल्ह्यातल्या भलत्याच माणसाचं नाव. आणि पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन कधीच संपलेलं.

इथं खरा खेळ संपतो, म्हणून नीट वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा आरसीवरची माहिती वेगळी होईल असे बदल गाडीत करता येत नाहीत. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितलं. रंग बदलणं, किरकोळ वस्तू बसवणं चालतं. बॉडी आणि सांगाडा बदलणं चालत नाही. २०१९च्याच दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी एकेक तपासून तिला रस्त्यावर येऊ देतात. आपल्याकडे नवं मॉडेल आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास व्हावं लागतं. म्हणून चिंकारासारखी गाडी मिळाली, तर आरसीवर बनवणाऱ्याचं नाव आणि मॉडेल तेच छापलेलं हवं. तसं असेल तर खुशाल भाव करा.

बाकी कागदांचं सोपं आहे. एमपरिवाहनवर नंबर टाका. गाडीचा प्रकार, इंधन, रजिस्ट्रेशनची मुदत घरबसल्या दिसते. मालकाला डिजिलॉकरमधली आरसी दाखवायला सांगा. जुनं कर्ज असेल तर फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसीचा फॉर्म २८. इन्शुरन्स कंपनीला गाडी बांधलेली आहे हे लपवू नका. लपवलंत, तर क्लेमच्या दिवशी ते स्वतःच शोधून काढतील.

मालकांचं तोंड उतरलं होतं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आठ वर्षांपूर्वी त्यांनीही ही अशीच लाल बघून रोखीत घेतली होती. विकणारा म्हणाला होता, "ट्रान्सफर नंतर करू." ते 'नंतर' आलंच नाही. रजिस्ट्रेशन संपलं. रिन्यू करायला गाडी आरटीओत दाखवावी लागते, आणि कागदावरची जीप आता दाखवणार कुठून? तेव्हापासून गाडी पडवीत. "मुलीच्या अॅडमिशनला पैसे होतील असं वाटलं," ते म्हणाले. फसवणारा माणूस समोर असता तर भांडता आलं असतं. इथे समोर बसले होते ते निखिलच होते, फक्त आठ वर्षं पुढचे.

आणि त्या कागदावरच्या माणसाचं काय? बहुतेक तो जीप विसरूनही गेला असेल. २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये सांगितलं, की गाडी विकून पुढे अनेक हातांत गेली तरी आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. म्हणजे ही लाल परी कुणाला धडकली असती, तर नोटीस भलत्याच गावी गेली असती. गाडी विकणाऱ्यांनो, म्हणूनच चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

गाडी आम्ही घेतली नाही. पण चाचा मालकांजवळ बसले. ही रस्त्यावर न्यायची नाही, कागदावरच्या माणसाला शोधून आधी कागद सरळ करायचे, आणि मग सुटे भाग विकायचे, असं त्यांनी समजावलं. इंजिन, गिअरबॉक्स, सीट मिळून काय येईल याचा आकडाही दिला. साडेतीन लाखांच्या जवळपासही नव्हता तो. पण खरा होता.

परतताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये निखिल कुर्डुवाडीपर्यंत गप्प. मग म्हणाला, "ताई, ती दिसायला मात्र जाम भारी होती ना?"

होती रे बाबा. म्हणून तर आधी कागद वाचायचे आणि ताडपत्री नंतर काढायची.