मागील बाकी

उपकेंद्रातील लसीकरणाचा दिवस एका शीतपेटीने सुरू होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून बर्फाच्या वेढ्यात ठेवलेल्या लसी सकाळीच गावात येतात. आशा स्वयंसेविका आदल्या दिवशी दारोदार सांगून आलेली असते. तिच्या वहीत नावे असतात : कोणाचे बाळ दीड महिन्याचे झाले, कोणाचे नऊ महिन्यांचे, कोणत्या गरोदर स्त्रीची तपासणी बाकी आहे. दहा वाजेपर्यंत अंगणात चपलांचा ढीग साचतो, वजनकाट्याला टांगलेल्या झोळीत एखादे पोर भोकाड पसरते, आणि गोवराच्या लसीची कुपी एकदा विरघळवली की आरोग्यसेविकेचे लक्ष घड्याळाकडे लागते. कारण ती लस चार तासांत संपवावी लागते, उरली तर टाकून द्यावी लागते.

दुपारी सारे घरी जातात. वर्तमानपत्रात बातमी येण्यासारखे तेथे काही घडलेले नसते. पुढे ज्या मुलाला गोवर होत नाही, त्याच्या आईलाही तो कोणत्या दिवशी टळला हे कधी कळत नाही.

पेढी एखाद्या मोठ्या सौद्यावर चालत नाही, रोजच्या गल्ल्यावर चालते, हे व्यापारी घरांतील लहान मुलालाही ठाऊक असते. सार्वजनिक आरोग्याचेही तसेच आहे. मोठी रुग्णालये, नामांकित शल्यविशारद आणि कोट्यवधींची यंत्रे ही त्याची दर्शनी बाजू. सपाट प्रदेशात तीस हजार लोकवस्तीमागे आणि आदिवासी वा डोंगराळ भागात वीस हजारांमागे एक असे जे प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा निकष आहे, तेथील बाह्यरुग्ण विभाग, रक्तदाबाच्या गोळ्या, प्रसूतीपूर्व तपासण्या आणि लसी हा त्याचा गल्ला. मार्च २०२० मध्ये बंद पडला तो हाच गल्ला.

२४ मार्चच्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा रुग्णसेवा बंद करा असा आदेश कोणी दिला नव्हता. उलट १४ एप्रिल रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सविस्तर सूचना काढल्या : लसीकरण, प्रसूती, क्षयरोगाचे उपचार, डायलिसिस खंडित होऊ नये, मधुमेह व रक्तदाबाच्या जुन्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे द्यावीत, शक्य तेथे आशांमार्फत घरपोच करावीत. सूचना विचारपूर्वक तयार केलेल्या होत्या. परंतु त्या ज्यांनी अमलात आणायच्या, तीच माणसे दुसऱ्या कामावर गेली होती. परगावाहून आलेल्यांची नोंद, विलगीकरणातील घरांवर देखरेख, तापाचे सर्वेक्षण हे सारे आशा आणि आरोग्यसेविका यांच्याच माथी आले. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी मोजणारे हातही तेच होते. एकाच माणसाला दोन दुकानांत एकाच वेळी बसवता येत नाही. कोणते तरी एक बंद राहतेच, आणि बंद राहते ते बहुधा ज्याचा गिऱ्हाईक ओरडत नाही ते.

हे केवळ भारतातच घडले असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये १५५ देशांची पाहणी केली. निम्म्याहून अधिक देशांत उच्च रक्तदाबाचे उपचार पूर्णतः वा अंशतः विस्कळीत झाले होते, ४९ टक्के देशांत मधुमेहाचे, ४२ टक्के देशांत कर्करोगाचे. ९४ टक्के देशांनी सांगितले, की या आजारांवर काम करणारे आरोग्य कर्मचारी कमी-अधिक प्रमाणात कोविडच्या कामाकडे वळवले गेले आहेत.

धोक्याची सूचना त्याआधीच मिळालेली होती. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकेतील तीन देशांत इबोलाने सुमारे ११,३०० बळी घेतले. त्या काळात दवाखाने ओस पडले. कित्येक डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच इबोलाने गेल्या, आणि उरलेल्या दवाखान्यांत पाऊल टाकण्यास लोक धजेनात. मलेरिया, एचआयव्ही आणि क्षयरोग यांचे उपचार खंडित झाल्यामुळे जे अधिकचे मृत्यू झाले असावेत, त्यांचा अंदाज पुढे संशोधकांनी बांधला; तो साडेदहा हजारांच्या घरात जातो. म्हणजे साथीने जितके नेले, जवळजवळ तितकेच साथीच्या सावलीने नेले. त्यानंतर चारच वर्षांनी हा धडा साऱ्या जगाला नव्याने गिरवावा लागला.

क्षयरोगाची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. खोकला आणि ताप ही दोन्ही आजारांची समान लक्षणे. २०२० मध्ये खोकणाऱ्या माणसाकडे शेजारी ज्या नजरेने पाहत, ती आठवली तर रुग्ण खोकला का लपवत असतील हे सांगावे लागत नाही. दवाखान्यात जावे तर आधी कोविडची चाचणी, मग कदाचित विलगीकरण आणि घरावर फलक. त्यात क्षयाचे निदान करणारी ट्रूनॅट आणि सीबीनॅट ही यंत्रे कोविडच्या चाचण्यांसाठी वापरण्यात आली. ते चूक होते असे म्हणता येत नाही, त्या वेळी यंत्रांची टंचाईच तशी होती. पण त्याचे मोल कोणी तरी मोजलेच. २०१९ मध्ये भारतात क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. सहा लाख रुग्ण एका वर्षात बरे झाले नव्हते, नाहीसे तर झाले नव्हतेच. ते घरीच खोकत होते, बहुधा एकाच खोलीत, टाळेबंदीमुळे चोवीस तास एकत्र कोंडलेल्या मुलांमाणसांत. त्याच वर्षी जगभरातील क्षयमृत्यूंची संख्या दशकाहून अधिक काळानंतर प्रथमच वाढली.

मध्यमवर्गीय आणि व्यापारी घरांतील चित्र वेगळे होते, पण फार वेगळे नव्हते. बाजारपेठेतील फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना बंद होता. स्वतः डॉक्टरच साठी ओलांडलेले, त्यांच्यापाशी संरक्षक पोशाख नाही, मदतनीस गावी गेलेला. त्यांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नव्हे. पण गल्लीतील तो एक दिवा विझल्याने काय झाले, ते घरोघरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. साखर तीन महिने तपासली गेली नाही. डोळ्यांची, मूत्रपिंडाची वार्षिक तपासणी ‘हे एकदा संपू दे’ म्हणून पुढे गेली, आणि ते एकदा संपण्यास दोन वर्षे लागली. छातीत दुखले तर रुग्णालयात जाण्यापेक्षा घरीच वाट पाहण्याकडे कल वाढला. आणि हृदयविकारात गेलेली घटका परत येत नाही.

रक्तपेढ्यांची अडचण तर बऱ्याच जणांच्या ध्यानातही आली नाही. महाविद्यालये, कार्यालये आणि धर्मस्थाने बंद, म्हणून रक्तदान शिबिरे बंद. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच. ते टाळेबंदी पाहून थांबत नाही. ज्या संस्थांनी त्या दिवसांत वेळ ठरवून, पाच-पाच दात्यांना बोलावून, अंतर राखून शिबिरे चालू ठेवली, त्यांनी काय केले याची जाणीव त्या मुलांच्या घरी आजही असेल.

याच काळात भारतीय जैन संघटनेने फोर्स मोटर्सच्या साहाय्याने पुण्यातून फिरत्या दवाखान्यांची सेवा सुरू केली. ‘डॉक्टर आपल्या दारी’ या नावाने गाड्या वस्त्यांमध्ये जात. डॉक्टर साधा ताप, खोकला, अंगदुखी, जुने आजार तपासून जागेवर औषध देत. या कामाचे महत्त्व किती रुग्ण तपासले यापेक्षा एका साध्या ओळखीत होते : महामारीतही माणसांना महामारीखेरीज इतर आजार होतात. तपासणीत कोविडचे संशयित आढळत, त्यांना पुढे पाठवले जाई. म्हणजे नेहमीची सेवा चालू ठेवणे हे साथीशी लढण्याच्या आड आले नाही. उलट साथ ओळखण्याची पहिली खिडकी तीच ठरली.

पण फिरती गाडी लसीकरणाची वही भरून काढू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात या लसीची पहिली मात्राही न मिळालेली मुले भारतात २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती. २०२० मध्ये ती ३० लाखांवर गेली. पहिली मात्रा न मिळणे याचा अर्थ बहुधा इतकाच नसतो. ज्याला दीड महिन्याचे असताना केंद्रात आणले नाही, त्याला नवव्या महिन्यात गोवराच्या लसीसाठी आणले जाण्याची शक्यताही कमी होते. ज्यांचे आईवडील पायी गावी निघून गेले, त्यांचे नाव शहराच्या यादीतून गेले आणि गावाच्या यादीत आले नाही. परत शहरात आले तेव्हा खोली दुसरी, गल्ली दुसरी, आशा दुसरी.

गोवर हा हिशेबात फार काटेकोर आजार. एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो, म्हणून वस्तीतील ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या तरच तो बाहेर राहतो. ऐंशी टक्क्यांवर तो ‘बरेच झाले’ असे म्हणत नाही. शिवाय तो बरा झाल्यावरही मुलाच्या शरीराने इतर आजारांविरुद्ध कमावलेली प्रतिकाराची आठवण पुसून जातो, आणि पुढे कित्येक महिने न्यूमोनिया, अतिसार यांना दार उघडे राहते. कुपोषित मुलांत हे अधिक घडते. त्यामुळे कागदोपत्री मृत्यूचे कारण दुसरेच दिसते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडीतून बालमृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. तोवर मुखपट्ट्या उतरल्या होत्या, दिवाळीची गर्दी नेहमीसारखी झाली होती, महामारी संपली असे सर्वांनी मनोमन ठरवून टाकले होते. तपासणीत गोवर निघाला. मग तो भिवंडीत, मालेगावात आढळला. रांची, अहमदाबाद, मलप्पुरम येथे केंद्राची पथके गेली. चिंचपोकळीच्या ज्या कस्तुरबा रुग्णालयात मार्च २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोविड रुग्ण ठेवले होते, त्याच रुग्णालयात आता अंगभर पुरळ उठलेली लहान मुले दाखल झाली. त्यांच्यापैकी अनेकांना गोवराची एकही मात्रा मिळालेली नव्हती. ही मुले कोणत्या वर्षांत जन्मली, याचा हिशेब बोटांवर करता येण्यासारखा होता.

हिवाळ्यात विशेष लसीकरण मोहीम निघाली. नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जोखमीच्या भागांत एक अतिरिक्त मात्रा, कोठे सहा महिन्यांच्या बाळांनाही. काम पुन्हा आशा आणि आरोग्यसेविका यांच्याकडे. कोविडच्या कामासाठी महिना एक हजार रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये, असा ज्यांचा वाढीव मोबदला होता, त्याच या स्त्रिया. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा त्यांनी मागितलेली रक्कम पाहून एखाद्या मध्यम दुकानदारालाही संकोच वाटला असता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील दहा लाख आशांना जागतिक पुरस्कार दिला. पुरस्कार आला आणि मानधनाचा प्रश्न जागच्या जागी राहिला.

गोवंडीच्या गल्ल्यांत त्यांना काही दारे बंद मिळाली. गेली दोन वर्षे त्यांच्या येण्याचा अर्थ चाचणी, विलगीकरण, फलक असा झाला होता, तो विश्वास एका मोहिमेत परत येणार नव्हता. तेव्हा आधी नुसत्याच गप्पा मारायच्या, बाळाचे वजन विचारायचे, मशिदीतून वा मंडळाच्या कार्यकर्त्याकडून निरोप द्यायचा, आणि मग माता-बाल संरक्षण कार्ड मागायचे. घरातून ते पिवळे पडलेले कार्ड शोधून आणले जाई. त्यावर जन्माची तारीख असे, जन्मताच दिलेल्या बीसीजीची नोंद असे, आणि त्याखालचे रकाने मार्च २०२० पासून कोरे असत. आशा आपल्या वहीत त्या मुलाचे नाव नव्याने लिहून घेई, आणि पुढच्या बुधवारी कोणत्या वेळी यायचे ते सांगून शेजारच्या दाराकडे वळे.