परवानगी आहे, तरीही

डिसेंबर २०२१ सरत होता, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार अजून यायचा होता. गोव्यातल्या घरांवर नाताळच्या चांदण्या लागल्या होत्या, नेवऱ्या-दोदोलाची ताटे शेजारीपाजारी पोहोचली होती, आणि आपल्या शहरांत सरत्या वर्षाची ती ओळखीची लगबग सुरू होती, जिच्यात माळ्यावरच्या मोठ्या बॅगा खाली उतरतात आणि पासपोर्टची मुदत पुन्हा एकदा तपासली जाते. एके काळी डिसेंबरची सुटी म्हणजे महाबळेश्वर, गणपतीपुळे, नाहीतर सरळ मामाचे गाव. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यात दुबई, बँकॉक, सिंगापूरची भर पडली आणि ती इतकी अंगवळणी पडली, की चिवडा आणि लोणच्याच्या पुड्या बॅगेच्या कोणत्या कप्प्यात जायच्या, हेही घरोघर ठरून गेले. वर्षभर राबायचे आणि वर्ष सरताना चार दिवस दूर कुठे तरी जाऊन यायचे, ही आता आपली रीतच झाली आहे. तिला चैन म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. करोनाची दोन वर्षे घरात कोंडून काढल्यावर तर नाहीच नाही.

पण त्या वर्षी बॅगा उतरल्या आणि अर्ध्या भरून तशाच राहिल्या. २६ नोव्हेंबरला एकाच दिवशी दोन बातम्या आल्या. १५ डिसेंबरपासून आंतरराष्ट्रीय विमानसेवा पूर्ववत होणार, ही एक. आणि दक्षिण आफ्रिकेने कळवलेल्या करोनाच्या नव्या रूपाला जागतिक आरोग्य संघटनेने ‘ओमायक्रॉन’ असे नाव दिले, ही दुसरी. महिना उलटायच्या आत पहिली बातमी रद्द झाली, दुसरी जगभर पसरली. नियमित उड्डाणे ३१ जानेवारी २०२२ पर्यंत बंदच ठेवायचे ठरले. नेदरलँड्सने नाताळच्या तोंडावर सारा देश बंद केला. ब्रिटनमध्ये एका दिवसातल्या रुग्णांचा आकडा लाखापुढे गेला. थायलंडने विलगीकरणाशिवाय येणाऱ्यांचे नवे अर्ज घेणे थांबवले, सिंगापूरने तशा प्रवासाची नवी तिकिटे विकणे थांबवले. मात्र या दोन्ही देशांनी आणि इतरही अनेकांनी एक फट मोकळी ठेवली होती: ज्यांची परवानगी किंवा तिकिटे आधीच हाती होती, त्यांना येता येणार होते. म्हणजे निर्णय सरकारांच्या दारातून निघून थेट आपल्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला होता.

आणि खरी अडचण हीच होती. मार्च २०२० मध्ये आपल्याला काही ठरवावेच लागले नव्हते. विमाने थांबली, रेल्वे थांबली, पाडव्याच्या गुढ्या आपण बंद दारांच्या आत उभारल्या. त्या सक्तीत त्रास होता, तशी एक प्रकारची मोकळीकही होती, कारण मनाशी वाद घालायचे कारण उरले नव्हते. डिसेंबर २०२१ चे नियम तसे नव्हते. राज्य सरकारच्या तेव्हाच्या आदेशानुसार रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात सार्वजनिक ठिकाणी पाचांहून अधिक जणांनी जमायचे नव्हते. पण विमानात दोन-अडीचशे जण कोपराला कोपर लावून बसले तर तो रीतसर प्रवास! नियमांची अशी विसंगती पाहून हसू येते, पण तिच्यावर बोट ठेवून आपली सुटका होत नाही. काय चालेल एवढेच सरकार सांगू शकते. काय शोभेल, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

ते ठरवताना आपल्याच राज्यातली एक गोष्ट आठवावी. महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले, होळीच्या दिवशी. चाळीस जणांच्या गटाबरोबर दुबईची सहल करून आलेले ते दांपत्य. त्यांचा दोष काहीच नव्हता. तेव्हा कोणी अडवले नव्हते, विमानतळावर विचारलेही नसेल. दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, आणखी रुग्णांची नोंद झाली, आणि त्यांत एक होता त्यांना मुंबईहून पुण्याला घेऊन आलेला टॅक्सीचालक. दुबईशी त्याचा संबंध एवढाच, की तिथून आलेल्या प्रवाशांच्या बॅगा त्याने गाडीत ठेवल्या होत्या. सहलीला जो गेलाच नाही, त्याच्याही वाट्याला ती आली. प्रवासखर्चाचा हिशेब आपण तिकीट, हॉटेल, व्हिसा आणि खरेदी असा मांडतो. या माणसासाठी त्यात रकाना नसतो.

आता आपण तेव्हापेक्षा शहाणे झालो आहोत, लसीचे दोन डोस घेतले आहेत, चाचण्या आहेत, असे २०२१ च्या अखेरीस कोणी म्हणाले असते. ते खरेही होते. पण २६ नोव्हेंबरलाच दक्षिण आफ्रिकेहून ॲमस्टरडॅमला दोन विमाने उतरली. त्यांतल्या सहाशेहून अधिक प्रवाशांची धावपट्टीवर ताटकळत ठेवून तपासणी झाली, तेव्हा ६१ जण बाधित निघाले. विमानात चढताना कागद दाखवूनच ती मंडळी चढली होती. कागद कालचे सांगतो, विषाणू आजचा असतो. महाराष्ट्रातही पहिले ओमायक्रॉनबाधित सापडले ते परदेशाहून परतलेल्यांत आणि त्यांच्या घरच्यांत. पिंपरी-चिंचवडमध्ये तर नायजेरियाहून नातलगांकडे आलेल्या पाहुण्यांबरोबर यजमानांच्या घरातही त्याने पाऊल टाकले. हा विषाणू सौम्य आहे, असे दिलासादायक निष्कर्ष दक्षिण आफ्रिकेतून येत होते. तरी सौम्य कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. १८ एप्रिल २०२१ ला एका दिवसात महाराष्ट्रात अडुसष्ट हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते, आणि प्राणवायूसाठी फिरताना आपण पाहिलेले चेहरे अजून पुसट झालेले नाहीत.

आपल्या खेड्यांत पूर्वी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा निघे. बायाबापड्या ओटी भरत, हलगी वाजे, आणि सारे गाव तो गाडा ओढत शिवेपर्यंत नेई. शीव ओलांडली की आपल्या गावावरचे अरिष्ट गेले. ते पुढच्या गावाच्या हद्दीत गेलेले असे, आणि ते गाव तो गाडा त्याच्या पुढच्या शिवेला पोहोचवी. त्या भाबड्या माणसांना रोगाचे कारण ठाऊक नव्हते, म्हणून त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्याला मात्र तो कसा पसरतो हे पुरते ठाऊक आहे, आणि आपल्या गाड्याला चाकांऐवजी पंख आहेत. इथून तिथे आणि तिथून इथे, कोणाच्या शिवेत आपण काय ठेवून येतो, याचा विचार न करता मजेसाठी निघणे आता अजाणतेपणात मोडत नाही.

याचा अर्थ प्रत्येक प्रवास वाईट, असा मुळीच नाही. अमेरिकेतल्या लेकीचे बाळंतपण जानेवारीत आले असेल, तर आई जाणारच. त्या देशाने लसवंतांसाठी दार नोव्हेंबर २०२१ मध्येच उघडले होते. प्रवासाच्या आदल्या दिवसाच्या चाचणीचा अहवाल, मास्क, पोहोचल्यावर चार दिवस सांभाळून राहणे, हे सारे करून तिला जाता येत होते. आखातातून दीड-दोन वर्षांनी नाताळला घरी आलेला गोंयकार, जहाजावरचा करार संपवून परतणारा रत्नागिरीचा खलाशी, वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आल्यावर मिळेल त्या विमानाने निघालेला मुलगा, यांच्याकडे कोणी डोळे वटारून पाहू नये. पलीकडे कोणी तरी वाट पाहत असते, त्या प्रवासाचे वजनच निराळे. साथीच्या काळात घरी बसणे हाच काही एकमेव धर्म नव्हे, हे आपल्याला सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगमध्ये दाखवून दिले आहे. लोक पुण्याबाहेर पळत होते, तेव्हा त्या रोग्यांकडे जात होत्या. मुंढव्याच्या प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी हडपसरजवळच्या आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणले, आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. तेव्हा जायचे की नाही, यापेक्षा कशासाठी जायचे, हा प्रश्न अधिक नेमका आहे. बुर्ज खलिफावरची रोषणाई पाहण्यासाठी असेल, तर ती पुढच्या वर्षीही होईल. दुबईचे एक्स्पोही मार्च २०२२ अखेरपर्यंत होते.

थांबणे आपल्या परंपरेला परके नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी चुकलेली नाही, त्यांनी २०२० च्या आषाढीला माउली-तुकोबांच्या पादुका एसटीतून पंढरीला जाताना दूरदर्शनवर पाहिल्या, आणि २०२१ मध्येही घरूनच हात जोडले. हजला जाण्यासाठी आयुष्यभर पै-पै साठवलेल्यांना २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे जाता आले नाही. १८९७ मध्येही प्लेगमुळे मुंबई बंदरातून हजयात्रा थांबवली गेली होती. या माणसांनी सोडले ते सहलीहून फार मोठे होते, आणि त्याचा त्यांनी गाजावाजा केला नाही. आपल्यालाही आपल्या रद्द तिकिटाचा फोटो समाजमाध्यमावर टाकून त्यागाची पावती मागायची गरज नाही.

आणि दुसऱ्याचा न्यायनिवाडाही नको. पुण्यातल्या त्या पहिल्या रुग्णांच्या नातलगांना तेव्हा बहिष्काराचे चटके बसले, ही आपल्या शहाण्या समाजाला न शोभणारी गोष्ट होती. जगाच्या पातळीवर तेच २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वाट्याला आले. तिथल्या शास्त्रज्ञांनी तातडीने आणि प्रामाणिकपणे जगाला सावध केले, तर श्रीमंत देशांनी त्यांच्याच तोंडावर दारे लावली. त्यांनी सावध करण्याआधीच्या नमुन्यांत नेदरलँड्समध्येही हा विषाणू होता, असे नंतर उघड झाले. खरे सांगणाऱ्याला शिक्षा झाली, की पुढच्या वेळी कोणी खरे सांगत नाही. हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटालाही लागू आहे. परतलेल्या शेजाऱ्याने ‘मी सात दिवस घरात आहे’ असे कळवले, तर त्याच्या दाराशी दूध-भाजी ठेवावी, दारावर बोट दाखवू नये.

आता राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो किरकोळ नाही. मध्यमवर्गीय घराची परदेशवारी ही दोन-तीन वर्षांची बचत असते. तिकिटाची तारीख बदलून मिळते, पण हॉटेलचा आगाऊ भरणा परत येईलच असे नाही. केवळ धास्तीने रद्द केलेल्या प्रवासाची भरपाई बहुतेक विमे देत नाहीत. ‘इतके पैसे भरलेत, आता जाऊनच येऊ’ हा विचार मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. पण त्या हिशेबात परतीची बाजूही धरावी. भारतात परतण्यासाठी तेव्हा निघण्याआधीच्या ७२ तासांतला चाचणीचा अहवाल लागत होता. तिथे चौघांपैकी एक जरी बाधित निघाला, तरी परक्या शहरात, परक्या चलनात, आठ-दहा दिवस हॉटेलच्या खोलीत काढावे लागत, आणि उरलेल्या तिघांनी थांबायचे की निघायचे, हा नवा पेच. दुबईहून येणाऱ्या मुंबईकरांसाठी महापालिकेने सात दिवसांचे गृहविलगीकरण तेव्हा सक्तीचे केले होते. त्या सात दिवसांत स्वयंपाकाच्या मावशींना सुटी द्यायची, तर पगारी द्यायची ना? त्याच घरात पंच्याहत्तरीचे आजोबा असतील तर? मुलांचे तर लसीकरणच व्हायचे होते. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून लस आणि साठीपुढच्या व्याधिग्रस्तांना १० जानेवारीपासून खबरदारीची मात्रा मिळेल, असे नाताळच्या रात्रीच पंतप्रधानांनी जाहीर केले. इतके महिने थांबल्यावर आठ-पंधरा दिवसांसाठी घाई कशाला?

त्या नाताळच्या विकेंडला जगभर हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण वैमानिक आणि कर्मचारीच आजारी पडले. तेव्हा आपण ठरवले तरी विमान ठरवेलच असे नाही, हेही लक्षात असू द्यावे.

एक विनंती मात्र तेव्हा करावीशी वाटली. सहल रद्द करण्याऐवजी पुढे ढकला. पैसे परत मागायचा हक्क आपल्याला आहे, आणि ज्यांची निकड आहे त्यांनी तो जरूर बजवावा. पण ज्यांना शक्य आहे, त्यांनी तीच रक्कम उन्हाळ्याच्या नावे तिथेच राहू द्यावी. पर्यटनावर जगणाऱ्या माणसांनी करोनाची दोन वर्षे कशी काढली, हे आपण फारसे विचारले नाही. गटाबरोबर जाऊन पुरणपोळीपासून पासपोर्टपर्यंत सारे सांभाळणारे सहल-व्यवस्थापक भाजी विकू लागले, टूरच्या गाड्या हप्त्यांअभावी गेल्या. नियमित उड्डाणे सुरू झाली, परीक्षा आटोपल्या, मुलांचे दोन्ही डोस झाले, की बॅगा पुन्हा काढता येणार होत्या. फक्त ते बुकिंग मोबाइलवर परस्पर न करता गल्लीतल्या त्या छोट्या एजंटाकडे करावे, ज्याचे दुकान मार्च २०२० पासून अर्ध्या शटरवरच चालले होते.