मेंदू तपासला, हृदय राहिले

२९ ऑक्टोबरचा जागतिक पक्षाघात दिन बुलढाणा जिल्ह्यात येतो तो सोयाबीनची सुडी आणि कापसाची वेचणी यांच्या धबडग्यात. अशा वेळी तिशीतल्या गड्याचा हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर आधी थकव्यावर बोट ठेवले जाते, मग दारूवर. ‘वारं गेलं’ म्हणायचे ते म्हाताऱ्यांचे, हा समज गावात पक्का आहे. दवाखान्यातही तो अगदीच नाही असे म्हणवत नाही.

रक्तदाब ठीक, साखर ठीक, तरी तरुणाला लकवा मारतो. तेव्हा मूळ क्वचित हृदयाच्या स्नायूत सापडते. स्नायू ताणून पातळ झालेला असतो, किंवा जन्मापासून त्याचा आतला थर स्पंजासारखा जाळीदार राहिलेला असतो. डाव्या कप्प्यात रक्त रेंगाळते, गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकतो. हा जाळीदार स्नायू १९८४ मध्ये डॉक्टरांच्या ध्यानात आला, तोही टूडी इको या हृदयाच्या सोनोग्राफीमुळे. आजही पहिली भिस्त त्याच तपासणीवर आहे. बाळंतिणीकडे तर अधिकच लक्ष हवे. शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायू अचानक कमकुवत होऊ शकतो. धाप लागते, पाय सुजतात, आडवे झाले की जीव घुसमटतो. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा.

झटका आल्यावर १०८ ला फोन करावा, मालिशवाल्याला नव्हे. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे दिसले, तरच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते, तेही साधारण साडेचार तासांच्या आत. पण स्कॅन झाला, रुग्ण सावरला, की फाइल मिटते. पंचेचाळिशीच्या आतला पक्षाघाताचा रुग्ण इको केल्याशिवाय घरी जाऊ नये, आणि स्नायूचा आजार निघाला तर त्याच्या भावंडांना व मुलांनाही तपासावे. यातले काही आजार रक्ताच्या नात्यात उतरतात. बुलढाण्याला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. हा पायंडा त्याने पाडावा.

अशा रुग्णाला पुढे गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या लागू शकतात. त्यातल्या जुन्या गोळ्यांचा डोस पीटी-आयएनआर ही रक्तचाचणी बघून ठरतो: कमी पडला तर पुन्हा लकवा, जास्त झाला तर रक्तस्राव. या एका चाचणीपायी संग्रामपूरच्या मजुराला दर वेळी रोज बुडवून जिल्ह्याला यावे लागू नये. ती तालुक्यालाच, फुकट झाली पाहिजे.