रीडिंग जुळवणाऱ्यांचं आकाश

पावसाळा सरला की आकाशदर्शनाचे मेसेज सुरू होतात. कर्जत, नेरळ, मुरबाड, वेल्हे. एक रात्र, जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून माणशी इतके रुपये, स्वेटर आणि टॉर्च सोबत आणणे. मोठ्या दुर्बिणीतून शनीची कडी दाखवतात, हिरव्या लेझरनं नक्षत्रं ओळखायला शिकवतात, ययाती-देवयानी-शर्मिष्ठेची गोष्ट सांगतात आणि उत्तररात्री ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर प्रत्येकाचा एकेक फोटो काढून देतात. लोक खूश होऊन घरी जातात. अशा उपक्रमांवर टीका करण्याआधी ‘त्यांचं महत्त्व मी नाकारत नाही’ असं म्हणायची रीत आहे. मी थोडं नाकारतो. अख्खी रात्र आकाशाखाली काढून एकाही माणसाच्या हातून एकही नोंद होत नसेल, तर त्या कार्यक्रमाला सहल म्हणावं. विज्ञानाचं नाव कशाला लावायचं?

त्या गोष्टीतच एक जागा आहे जिथे सांगणारा नेहमी घाई करतो. शर्मिष्ठेचा बाप वृषपर्वा. गोष्टीत त्याला फारसं काम नाही आणि आकाशातही त्याचे तारे मंद, त्यामुळे लेझर त्याच्यावरून सर्रकन पुढे जातो. या वृषपर्व्याच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे: डेल्टा, झीटा आणि एप्सिलॉन. त्यातला डेल्टा ५ दिवस ८ तास ४७ मिनिटांच्या फेऱ्यात ३.५ प्रतीपासून ४.४ प्रतीपर्यंत मंदावतो आणि परत उजळतो. उजळायला साधारण दीड दिवस घेतो, मंदावायला जवळपास चार. (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. ही उलटी मोजणी ग्रीकांपासून चालत आली आहे, तिच्यावर चिडून उपयोग नाही.) शेजारचा झीटा ३.४ प्रतीचा, एप्सिलॉन ४.२ चा. डोळ्यांपुरते दोघंही स्थिर. म्हणजे मोजपट्टी वरच टांगलेली आहे.

करायचं एवढंच. अंधाराला डोळे सरावले की डेल्टाकडे बघायचं, मग झीटाकडे, मग एप्सिलॉनकडे. डेल्टा झीटापेक्षा मंद आहे, पण एप्सिलॉनपेक्षा उजळ आहे, बरोबर? त्या दोघांमधलं अंतर मनात चार भागांत वाटलं तर डेल्टा झीटापासून कितव्या भागावर येतो? एक भाग खाली वाटला तर ३.६ लिहायचं. निम्म्यावर वाटला तर ३.८. तारीख, वेळ, कुठले दोन तारे तुलनेला घेतले, आकाश कसं होतं. झालं. दोन मिनिटं लागतात, खर्च एका पेन्सिलीचा. उद्या पुन्हा. परवा पुन्हा. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी ५.३७ दिवसांच्या घडीवर एकमेकींवर ठेवल्या की कागदावर एक वाकडी रेघ उमटायला लागते: एका बाजूनं उभी चढण, दुसऱ्या बाजूनं लांब उतार. ती रेघ म्हणजे एका ताऱ्याचं फुगणं आणि आकसणं. त्याच्या बाहेरच्या भागात हेलियमचा एक थर आहे. तो दाबला गेला की आतून येणारी ऊर्जा अडवून धरतो, मग त्या ऊर्जेनंच फुगतो, फुगला की तिला वाट देतो आणि परत खाली बसतो. भाताच्या पातेल्यावरचं झाकण जसं उचलतं आणि बसतं, तसं. अशा ताऱ्यांना मराठी विश्वकोशीय भाषेत ‘रूपविकारी तारे’ म्हणतात. शब्द मला आवडत नाही, ताऱ्याला काही रोग झाल्यासारखा वाटतो, पण रूढ आहे.

आता मुद्द्यावर येतो. ही गोष्ट इतकी स्वस्त आणि सोपी असताना आपल्या शाळांत, कॉलेजांत आणि आकाशदर्शनाच्या बहुतेक कार्यक्रमांत ती का नाही? नेहमीची उत्तरं ठरलेली आहेत. दुर्बीण नाही. शहरात उजेड फार. अभ्यासक्रमात वेळ नाही. पहिल्याला अर्थच नाही, कारण दुर्बीण लागतच नाही. दुसरं मुंबई-पुण्यापुरतं खरं आहे, पण चौथ्या प्रतीचे तारे लहान गावांतून अजून दिसतात, आणि शहरातल्या गच्चीवर साधी द्विनेत्री पुरते. तिसरं उत्तर कुठल्याही गोष्टीला चालतं. माझ्या मते खरं कारण वेगळं आहे, आणि ते आपल्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत बसलेलं आहे.

सायन्सला गेलेल्या कुणालाही विचारा. लंबकाचा प्रयोग, ‘जी’ची किंमत काढा. किंमत ९.८ यायला हवी हे प्रयोगाआधीच माहीत असतं. रीडिंग घेतली आणि १०.४ आलं, तर मुलं काय करतात? जर्नल सबमिट करायचं असतं, सही हवी असते. मग वेळेच्या रकान्यात दशांश स्थळी थोडी डागडुजी होते. याला रीतसर शब्द आहे, ‘रीडिंग जुळवणं’, आणि तो कुणी शरमेनं उच्चारत नाही. मी शिकलो तिथे तर वरच्या वर्गाची जर्नलं हातोहात फिरायची आणि एक अत्यंत प्रेमळ डेमॉन्स्ट्रेटर सगळ्यांना एकच सांगायचे: ‘आधी उत्तर लिहा, मग मागे मागे या.’ त्यांचा दोष नव्हता. त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलं असणार. पण दोन-तीन पिढ्या अशा तयार झाल्या, की ज्यांच्या मनात मोजणं म्हणजे आधीच ठरलेल्या आकड्यापर्यंत सभ्यपणे पोचणं.

डेल्टा आज रात्री किती आहे, याचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नसतं. कुणी म्हणेल, कालावधी माहीत आहे, गणित करून सांगता येईल. येईल. म्हणूनच या कामातला पहिला नियम असा, की निरीक्षणाआधी ते गणित बघायचं नाही, आणि शक्यतो कालची नोंदही बघायची नाही. आज उजळायला हवा होता आणि मला मंद दिसला, तर मंदच लिहायचं. हा नियम ऐकून शिक्षक अस्वस्थ होतात, असा माझा अनुभव आहे. ‘पण मुलांची उत्तरं वेगवेगळी येतील की!’ येतीलच. डोळ्यांनी केलेल्या अंदाजात एक-दोन दशांश प्रतीचा फरक पडतो. लाल ताऱ्याकडे टक लावून बघितलं तर तो जास्त उजळ वाटायला लागतो, म्हणून त्याच्याकडे ओझरतं बघायचं असतं. क्षितिजाजवळचा तारा हवेच्या जाड थरातून येतो म्हणून मंद दिसतो, म्हणून तुलनेचे तारे शक्यतो तितक्याच उंचीवरचे घ्यायचे. चुका कुठून येतात हे शोधणं हाच इथला अभ्यासक्रम आहे, आणि नेमका तोच आपण खोडरबरानं पुसतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप तंत्रज्ञांचा असतो. आज स्वयंचलित दुर्बिणी दररात्री अख्खं आकाश टिपतात, उपग्रह एका प्रतीचा हजारावा भाग मोजतात, तिथे तुमच्या डोळ्यांच्या ३.६ ला कोण विचारतो? अर्धा आक्षेप मान्य. डेल्टाच्या बाबतीत जगाला माझ्या ३.६ ची गरज नाही. पण सर्वेक्षणाच्या मोठ्या दुर्बिणी मंद ताऱ्यांसाठी बांधलेल्या असतात, तेजस्वी तारा समोर आला की त्यांचे डिटेक्टर भरून वाहतात. नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे त्यांना झेपत नाहीत. आणि दुसरी गोष्ट म्हणजे काळ. वासुकी तारकासमूहातला आर हायड्री हा तारा घ्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा फेरा सुमारे ४९५ दिवसांचा होता, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो ३८५ च्या आसपास आला. म्हाताऱ्या ताऱ्याच्या पोटात होणारी उलथापालथ माणसाच्या हिशेबात मावेल इतक्या वेगानं चाललेली दिसावी, असं क्वचितच घडतं. हे कळलं ते तीनशे वर्षं कुणी ना कुणी ‘आज इतका’ असं लिहून ठेवलं म्हणून. कुठलाही उपग्रह मागे जाऊन १७०० सालची रात्र मोजू शकत नाही.

ज्यांनी हे लिहून ठेवलं ते कोण होते तेही बघा. डेल्टाचं बदलणं १७८४ मध्ये इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये जॉन गुडरिकनं टिपलं. तो ऐकू न येणारा वीस वर्षांचा मुलगा होता आणि पुढच्या दीड वर्षात वारला. हार्वर्डमध्ये काचपट्ट्यांवरच्या ताऱ्यांची तेजस्विता तासाला ३० सेंटवर मोजणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिटनं १९१२ मध्ये लहान मॅजेलनी मेघातल्या अशा २५ ताऱ्यांवरून दाखवलं, की फेरा जितका लांब तितका तारा मुळात जास्त तेजस्वी. तिथून विश्वातली अंतरं मोजायची किल्ली हाती आली. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे हबलला कळलं ते तिच्यात डेल्टाचा एक भाऊबंद सापडला म्हणून. ज्या देवयानीचा धुरकट ठिपका दाखवून आकाशदर्शनवाले टाळ्या घेतात, तिचं अंतर याच मोजणीतून आलं. ते मात्र सांगायचं राहून जातं.

आणि हे सगळं तिकडचं, आपलं काय, असं म्हणणाऱ्यांसाठी: मद्रासच्या वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी नावाचे सहायक होते. १८६७ मध्ये त्यांनी आर रेटिक्युली हा तारा रूपविकारी असल्याचं शोधलं. त्यांचे वरिष्ठ नॉर्मन पॉगसन, म्हणजे प्रतींमधलं २.५१२ हे गुणोत्तर ज्यांनी सुचवलं तेच. रघुनाथाचारी पंचांगातलं गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळलं पाहिजे यासाठीही भांडले. आपल्याकडे त्याच सुमारास, १८६५ मध्ये, केरो लक्ष्मण छत्रे आणि पटवर्धनांनी नवं पंचांग काढलं आणि त्यावरून पुढे कित्येक वर्षं वाद झाले. त्या वादात एक सुंदर मराठी शब्द वारंवार यायचा, दृक्प्रत्यय. डोळ्यांना येणारी प्रचीती. आज ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असे फॉरवर्ड येतात, पण डोळ्यांनी पडताळून बघा म्हणणारे पूर्वज त्यात कधीच नसतात.

तिसरं नाव राधागोविंद चंद्र. जेसोरच्या सरकारी खजिन्यातले कारकून, प्रवेश परीक्षा तीनदा नापास. दिवसा नाणी मोजायची आणि रात्री ताऱ्यांचं तेज. अमेरिकेतल्या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेला त्यांनी ३७ हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या. त्या वाचून संघटनेनं १९२६ मध्ये सहा इंची दुर्बीण समुद्रापार त्यांच्याकडे धाडली. म्हातारपणी काम झेपेना तेव्हा तीच दुर्बीण वेणू बाप्पूंकडे गेली. पदवी नसलेल्या माणसाला कुणी दुर्बीण का पाठवेल? त्याचे आकडे जुळवलेले नव्हते म्हणून.

२०१९ च्या हिवाळ्यात आपल्याला एक आयती संधी आली होती. मृगातला तांबडा काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, हादेखील स्पंदन पावणारा तारा, पण लहरी. एरवी अर्ध्या प्रतीच्या आसपास असणारा हा तारा डिसेंबरपासून उतरत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत आला, मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सइतका. दादरच्या गच्चीवरून दिसेल असा फरक. तुलनेला रोहिणी ०.९ ची, पुनर्वसूतला पोलक्स १.१ चा, सगळं तयार. आपल्याकडे गाजलं काय? तारा फुटणार की नाही, आणि फुटला तर पृथ्वीचं काय होणार. तो किती मंदावलाय, कालच्यापेक्षा आज किती, हे विचारणारा मला चर्चांमध्ये जवळजवळ भेटला नाही. पुढे कळलं की ताऱ्यानं बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आड आली होती आणि पृष्ठभागाचा काही भाग थंडही झाला होता. त्या उताराच्या आलेखात हौशी माणसांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या नोंदीही आहेत. मराठी शाळेतल्या एखाद्या नववीच्या वर्गाचं नाव त्यांत असायला काहीही हरकत नव्हती.

एका मुख्याध्यापकांशी यावर बोलत होतो. त्यांना कल्पना पटली, वहीचा नमुनाही आवडला. मग म्हणाले, ‘सगळं ठीक, पण मार्क कसे द्यायचे? बरोबर उत्तर कुठलं धरायचं?’ मी त्यांना सुचवलं ते असं: दहातले तीन मार्क तारीख आणि वेळेचे, तीन तुलनेचे तारे कुठले ते लिहिल्याचे, दोन आकाश कसं होतं त्याचे, आणि दोन ज्या रात्री ढग होते त्या रात्री ‘ढग’ असं लिहिल्याचे. आकड्याला शून्य. आणि वही पेनानं लिहायची.