सुटलेल्या ओळींचा हिशेब



साहेबांच्या टेबलावर जाणारा अहवाल बहुधा एका पानाचा असतो. पण त्या एका पानाच्या पोटात वर्षभराच्या शेकडो नोंदी असतात. कोणी किती दिवस कामावर आले, कोणाची वर्गणी जमा झाली, कोणत्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज पूर्ण आहे, हे सर्व त्या पानावर फक्त बेरजेच्या रूपाने उरते. निर्णय घेणारा माणूस ते पान पाहतो, मागच्या नोंदी पाहत नाही. म्हणून ते पान कसे तयार होते, हे कष्टकरी घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पेशाने कारकून. आमच्या शास्त्रात या कामाला जुनी नावे आहेत. रोजची नोंद रोजकीर्दीत होते, ती खात्याखात्यांत वाटली की खतावणी होते, खात्यांच्या बाक्या एकत्र मांडल्या की तेरीज होते. संगणकही याच वाटेने जातो. फाइलींतील ओळी ही रोजकीर्द, सारख्या ओळी एकत्र करणे ही खतावणी, आणि शेवटचा अहवाल ही तेरीज. हे काम ज्या लहानशा लेखी आज्ञापत्राने करून घेतात, त्याला शेल स्क्रिप्ट म्हणतात. शेल म्हणजे आपण टंकलेली आज्ञा वाचून संगणकाकडून पार पाडून घेणारा कार्यक्रम. अशा आज्ञा एकाखाली एक लिहून फाइलीत जपून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. तीच फाइल दर महिन्याला चालवावी, तोच अहवाल नव्या आकड्यांसह हाती यावा.

याचा उगम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली तेथे युनिक्स या प्रणालीचे काम सुरू केले. त्याच संस्थेतील डग मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच सुचवले होते की, बागेतील पाण्याच्या नळ्या एकमेकींना जोडाव्यात तसे संगणकाचे कार्यक्रम जोडता आले पाहिजेत. १९७३ साली थॉम्प्सन यांनी ती सोय युनिक्समध्ये करून दिली. तिला पाइप म्हणतात. तिची खूण म्हणजे एक उभी दांडी. दांडीच्या डावीकडच्या आज्ञेतून जे निघेल, ते उजवीकडच्या आज्ञेच्या हाती पडते. १९७७ साली त्याच प्रयोगशाळेत ऑक ही आज्ञा तयार झाली. आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिच्या तीन कर्त्यांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. ओळीतील स्तंभ वेगळे काढून त्यांची बेरीज करण्यात ती वाकबगार आहे.

या जोडणीची ताकद १९८६ साली एका संगणकविषयक नियतकालिकात दिसली. जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी डोनाल्ड नुथ या थोर संगणकशास्त्रज्ञांना एक काम दिले होते. मजकुरात कोणते शब्द सर्वांत जास्त वेळा आले, ते मोजणीसह छापायचे. नुथ यांनी अनेक पानांचा देखणा कार्यक्रम लिहिला. त्याचे परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी त्याच्या कारागिरीचे कौतुक केले आणि तेच काम फक्त सहा आज्ञांत करून दाखवले. पहिली आज्ञा प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर आणते. दुसरी मोठी अक्षरे लहान करते. तिसरी शब्द वर्णक्रमाने लावते. चौथी सारखे शब्द एकत्र करून मोजते. पाचवी मोजणीप्रमाणे उतरता क्रम लावते. सहावी वरचे हवे तेवढे ठेवून थांबते. पोस्टात पत्रे वेगळी करणारा माणूस हेच तर करतो!

आता आपल्या वस्तीचे उदाहरण घेऊ. समजा, वाचनालयाच्या वर्गणीच्या बारा महिन्यांच्या बारा फाइली आहेत. प्रत्येक ओळीत तारीख, सभासदाचे नाव, गल्ली आणि रक्कम आहे. गल्लीवार वार्षिक जमा हवी आहे. बाराही फाइली एकापाठोपाठ ऑकच्या हाती द्याव्यात, तिने गल्लीचा स्तंभ पाहून रकमा मिळवाव्यात, मग सॉर्टने क्रम लावावा आणि उत्तर अहवालाच्या फाइलीत उतरवावे. चार-पाच ओळींचे काम, आणि क्षणभरात तयार.

खरी गोष्ट येथून पुढे आहे. संगणक आकडा चुकवत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. बेरीज तो चुकवत नाही हे खरे, पण बेरजेत काय धरले आणि काय सोडले, हे तो आपणहून सांगत नाही. त्याचे काही मासले पाहा.

एखाद्या कारकुनाने रक्कम मराठी आकड्यांत ५० अशी लिहिली असेल, तर ऑक तिला आकडा मानतच नाही. तिला इंग्रजी आकडेच कळतात. ते पन्नास रुपये ती शून्य धरते. कोणी इंग्रजी आकड्यांतच, पण स्वल्पविराम देऊन १,२५० लिहिले, तर ती स्वल्पविरामापाशी थांबते आणि बाराशे पन्नासांचा एक रुपया होतो. यांपैकी कशाचीही सूचना ती देत नाही. एका ओळीत ‘गल्ली क्र. ३’ आणि दुसरीत ‘गल्ली नं. ३’ असेल, तर एका गल्लीच्या दोन गल्ल्या होतात आणि दोघींचीही जमा कमी दिसते. नावानंतर एक मोकळी जागा जास्त पडली तरी तेच होते. सारख्या ओळी एकत्र करणारी युनिक ही आज्ञा फक्त शेजारशेजारच्या ओळी पाहते. आधी सॉर्ट केले नाही, तर तेच नाव दहा ठिकाणी दहादा येते. सॉर्टलाही नीट सांगितले नाही, तर ती आकडे शब्दकोशातील शब्दांसारखे लावते. मग आधी १००, नंतर २० आणि शेवटी ९ असा क्रम लागतो.

सर्वांत मोठा धोका हरवलेल्या फाइलीचा आहे. मार्च महिन्याची फाइल जागेवर नसेल तर पडद्यावर एक तक्रार उमटते, पण विशेष बंदोबस्त केला नसेल तर स्क्रिप्ट पुढे चालत राहते. मध्यरात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टची तक्रार वाचायला कोण बसले आहे? सकाळी अहवाल टेबलावर असतो. त्यात अकरा महिने असतात आणि मथळा वर्षाचा असतो.

वाचनालयाच्या वर्गणीत हे झाले तर फार तर वाद होईल. पण हीच रीत हजेरीपटाला लागली तर मजुरी बुडते आणि लाभार्थ्यांच्या यादीला लागली तर धान्य बुडते. आपल्या मुलीच्या अर्जाची ओळ एका रकान्याने सरकली म्हणून गळाली, तर तिला नकाराचे पत्रसुद्धा येत नाही. अहवालापुरती ती मुलगी अस्तित्वातच नसते. ज्याला नाकारले तो दाद तरी मागेल. ज्याला मोजलेच नाही, त्याने कोठे जावे?

यावर उपाय आहे आणि तो हिशेबनिसांच्या जुन्या शहाणपणातच आहे. ज्या रकमेचे खाते सापडत नाही, ती आपण फेकून देत नाही, उचंत खात्यावर ठेवतो. स्क्रिप्टलाही हीच शिस्त लावता येते. प्रथम, किती फाइली आणि किती ओळी वाचल्या, ते मोजावे. दुसरे, जी ओळ नियमात बसत नाही, म्हणजे रक्कम इंग्रजी आकड्यांत नाही, गल्लीचे नाव ठरलेल्या यादीत नाही किंवा रकाने कमी-जास्त आहेत, ती ओळ वेगळ्या फाइलीत उतरवावी. तिसरे, अहवालाच्या तळाशी तीन आकडे छापावेत : वाचलेल्या ओळी, धरलेल्या ओळी, राखून ठेवलेल्या ओळी. धरलेल्या आणि राखलेल्या मिळून वाचलेल्या इतक्या भरल्याच पाहिजेत. फाइलीच्या डोक्यावरची मथळ्याची ओळ आधीच वगळावी, नाही तर बारा फाइलींच्या बारा ओळींचा गोंधळ होतो. एवढ्या बंदोबस्ताला स्क्रिप्टमध्ये आणखी चार-सहा ओळी लागतात. त्या लिहिण्याचा कंटाळा हा कोणाच्या तरी हक्काचा घास असतो.

आपल्या घरांत बी.कॉम. झालेली आणि होत असलेली पुष्कळ मुले-मुली आहेत. संगणकाचे काम इंजिनियरांचे, असे समजून ती मागे राहतात. त्यांना आमचे सांगणे आहे की, खतावणी ज्याला समजली त्याला ही विद्या परकी नाही. लिनक्स ही प्रणाली फुकट मिळते. विंडोजच्या यंत्रावरही २०१६ पासून तिची सोय झाली आहे. घरी संगणक नसेल तर अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्स नावाचे ॲप घेऊन याच आज्ञा शिकता येतात. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकाव्या लागतात, पण त्या पंधरा-वीसच आहेत. घरखर्चाच्या वहीपासून सुरुवात करावी.

आणि ज्यांना हे शिकणे जमणार नाही, त्यांनीही प्रश्न विचारायला शिकावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २ मध्ये, संगणकात साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क स्पष्ट नमूद आहे. म्हणून छापील बेरजेवर न थांबता मूळ यादीची फाइल मागावी, वस्तीतील एखाद्या शिकलेल्या मुलीकडून तिच्या ओळी मोजून घ्याव्यात. उद्या कोणीही कसलाही अहवाल आपल्यापुढे ठेवला, तर एकूण आकड्याकडे नंतर पाहावे. आधी विचारावे : ओळी किती वाचल्या, किती धरल्या, आणि सुटलेल्या ओळी कोठे ठेवल्या आहेत?