हिरवळीचा हिशेब

गुंठाभर हिरवळ राखायला माळ्याला द्यावे किती, हा प्रश्न सोसायटीच्या सभेत निघाला की सारे सभासद एकदम अर्थशास्त्रज्ञ होतात. ‘गवत काय, आपोआप वाढते, त्याचे पैसे कसले?’ असे कुणीतरी म्हणतेच. अहो, आपोआप वाढते म्हणूनच तर कापावे लागते!

अंदाज चौरस फुटांवर बांधावा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. १,०८९ चौरस फूट. त्यावर इंचभर माती पसरायची तर जवळजवळ एक ब्रास हवी. इंचभर पाणी द्यायचे तर अडीच हजार लिटरांहून अधिक. पावसाळ्यात कापणी वारंवार, हिवाळ्यात बेताची, उन्हाळ्यात पाण्याचीच धावपळ. म्हणून खर्च वर्षाचा काढावा आणि बारांनी भागावा. कापलेले गवत उचलणे आणि यंत्राचे पेट्रोल त्यात धरावे. नागरमोथा तर गाठींसकट खणावा लागतो. ते काम यंत्राचे नव्हे, वाकलेल्या पाठीचे.

इतके मांडूनही घासाघीस करणारे करतातच. दिवाळीच्या पोस्ताने ती तूट भरून निघत नाही. या घासाघिशीत गवत तसूभरही कमी होत नाही. कमी होतो तो माळ्याच्या ताटातला घास!