दशमांशाचा धनी

बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी १७१९ साली दिल्लीच्या बादशहाकडून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळवल्या, त्यांतली सरदेशमुखी म्हणजे महसुलाच्या दहाव्या हिश्शाइतका जादा हक्क होता. तो घेणारा कोण हे सनदेने ठरवले, त्याचा भार मात्र अखेर कुणब्यावर पडला. दहाव्या हिश्शाचा याहून फार जुना विचार ज्या यहुदी धर्मपरंपरेत आहे, तिचे १९५६ साली उभारलेले जुडाह हयाम सिनेगॉग याच दिल्लीत हुमायून रोडवर असून, कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजातील कुटुंबेही तेथील उपासनेशी जोडलेली आहेत.

प्राचीन इस्राएलात दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, सरसकट सर्वांनी द्यायचा नव्हता. धर्मशास्त्रात त्याचा उल्लेख येतो तो धान्य, द्राक्षारस, तेल, झाडांची फळे आणि गुरे-मेंढरे यांच्या संदर्भात, त्यामुळे तो ज्याच्याकडे शेत किंवा कळप होता त्याच्यावरच पडत असे. रोजमजुरी करणारा, कुंभार किंवा कोळी यांच्या कमाईवर तेथे दशमांश सांगितलेला नाही. देशाची वाटणी होताना लेवी वंशाला, म्हणजे उपासनास्थानाची सेवा करणाऱ्या कुळाला, जमीन मिळाली नाही, म्हणून पहिला दशमांश त्याला मिळे. मात्र घेणाराही या नियमातून सुटला नव्हता, कारण मिळालेल्या दशमांशाचा दहावा भाग लेवीने याजकाला द्यायचा होता. ही तरतूद या संपूर्ण व्यवस्थेतली सर्वांत न्याय्य गोष्ट मानावी लागते.

पुढे रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या आचार्यांनी, जो क्रम निश्चित केला त्यानुसार सात वर्षांच्या चक्रात पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी दुसरा दशमांश यरुशलेमला नेऊन कुटुंबाने आनंदाने खायचा, तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी तो गरिबांसाठी ठेवायचा, आणि सातव्या वर्षी, जमीन पडीक राहून तिचे पीक सर्वांना मोकळे असल्याने, दशमांशच नसे. पिकाच्या दशमांशाचे बंधन मुळात इस्राएलच्या भूमीशी बांधलेले असल्याने देशोदेशी विखुरलेल्या यहुद्यांत कमाईचा दहावा भाग दानात देण्याची प्रथा रुजली. शिखांचा दसवंध, म्हणजे प्रामाणिक कमाईचा दहावा हिस्सा, हाही याच जातीचा, आणि बंगला साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात दिल्लीकर त्याचे फळ रोज पाहतात.

काही ख्रिस्ती मंडळ्यांत बायबलचा आधार देऊन धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीच्या पगारातून दशमांश मागितला जातो, तेव्हा मूळ शास्त्र तिच्या बाजूने उभे असते. गरिबांचा दशमांश गावाच्या वेशीच्या आत साठवायचा आणि तो लेवी, परदेशी, अनाथ व विधवा यांनी पोटभर खायचा, असे बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात सांगितले आहे. नोएडा, गुरुग्राम आणि फरिदाबादच्या बांधकामांवर परप्रांतांतून आलेले कामगार त्या यादीत परदेशी म्हणून, म्हणजे घेणाऱ्यांच्या पंगतीत, बसतात.